तोंडी दिलेली जागा

सोमवारी सकाळी साडेदहाला अलाबामातल्या बेलक्रीकच्या शाळेच्या स्वयंपाकघरात व्हर्नेट टॉलिव्हर मक्याच्या पावाचे ट्रे भट्टीत सारत होती, तेवढ्यात चॅटुला स्टेट कॉलेजच्या कोच मॅब्रीचा फोन आला. बुधवारी तिचा मुलगा टेरियन त्याच कॉलेजच्या कागदावर सही करणार होता. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवणखाण, सगळं फुटबॉलच्या जोरावर. म्हणून तिने हात पुसायचीही वाट पाहिली नाही, पिठाच्याच हाताने फोन कानाला लावला.

"मिस व्हर्नेट, कशा आहात? देवाची कृपा आहे ना सगळी?"

मॅब्रीचा आवाज एरवीही गोडच, पण आज त्याला जरा जास्तच पाक चढला होता.

"बोला, कोच."

"हे बघा मॅम, टेरियनवर आमचा जीव आहे, त्यात काही बदल नाही. पण इकडे परिस्थिती जरा बदललीय. शनिवारी एक जण आलाय आमच्याकडे, दुसऱ्या कॉलेजातून. तेवीस वर्षांचा आहे, चार हंगाम खेळलेला. मोठे कोच म्हणतात, त्या जागेवर आपल्याला तयार माणूस हवाय. तेव्हा यंदा तिथे शाळेतला मुलगा घेणं काही जमत नाहीये."

"जमत नाहीये म्हणजे? जूनमध्येच घेतलाय तुम्ही त्याला."

"ते तोंडी होतं, मॅम."

"मग तुमचं तोंड आहे ना अजून जागेवर?"

मॅब्री हसला. हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच ठाऊक. मग म्हणाला, "एक करता येईल. टेरियनला स्वतःच्या फीवर येऊ दे. टीमबरोबर सराव करू दे. पुढच्या जानेवारीत जागा झाली की पहिला नंबर त्याचा."

"पुढच्या जानेवारीत तुमच्याकडे चोवीस वर्षांचा येईल. त्याच्यामागून पंचवीसचा. माझं पोर तुमच्या मैदानाच्या कडेला उभं राहून म्हातारं होईल, कोच."

"मॅम, दुसरा फोन येतोय मला. देव तुमचं भलं करो."

आणि ठेवला. एखाद्याची मान कापायची आणि वर देवाचं नाव घेऊन हात धुवायचे, ही या कोच मंडळींची जुनी खोड. व्हर्नेट फोन हातात धरून तशीच उभी राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा तीन ट्रे काळेठिक्कर पडले होते. त्या दिवशी चारशे पोरं पावाशिवाय जेवली.

हाच मॅब्री जूनमध्ये तिच्या घरी जेवून गेला होता. हव्या असलेल्या पोराच्या घरी कोच जेवायला येतो, ही रीतच आहे, आणि व्हर्नेटने त्या दिवशी हात आखडता घेतला नव्हता. बैलाच्या शेपटीचा रस्सा, भात, कोबीची पानं, शेवटी गोडाला पीचचा कॉबलर. मॅब्रीने रस्सा दोनदा मागून घेतला, ताट पावाने पुसून लख्ख केलं, आणि मग बाह्या वर सारून स्वतःचं ताट स्वतः घासलं. "टेरियन आता आमच्या घरचा झाला," असं तो ताट निथळत ठेवताना म्हणाला. आपल्या मोरीत उभं राहून ताट घासणाऱ्या माणसावर बाईने विश्वास ठेवला, तर त्यात तिचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. टेरियन सहा फूट तीन इंच, बचावाच्या कडेला खेळणारा. समोरच्या संघात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवा पाडणं हे त्याचं काम आणि ते काम तो आवडीने करायचा. तेव्हा त्याच्या मागे अकरा कॉलेजं लागली होती. शहाणी घरं अशा वेळी एकाला होकार देतात आणि दोन-तीन दारं हळूच किलकिली ठेवतात. व्हर्नेटचा बाप जन्मभर चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेला माणूस. त्याच्या वळणात वाढलेल्या तिला ते पटेना. मॅब्री गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने टेरियनला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, फ्रिजवरची यादी काढून समोर ठेवली आणि बाकीच्या सगळ्या कोचांना एकेक करून फोन करायला लावले. मेसेज नाही, फोन. "सर, तुम्ही मला विचारलंत त्याबद्दल आभार, पण मी चॅटुलाला शब्द दिलाय."

"मॉमा, एक-दोघांना राहू दे ना," टेरियन म्हणाला होता.

"बोटात अंगठी घातल्यावर दुसऱ्यांबरोबर नाचायला जातात का? शब्द म्हणजे शब्द. लाव पुढचा फोन."

डिसेंबरात सह्यांचा पहिला दिवस आला. आदल्या आठवड्यात मॅब्री म्हणाला, आत्ता नको, फेब्रुवारीत करू, कागदांची थोडी जुळवाजुळव आहे. टेरियन हटून बसला, आत्ताच करू म्हणाला. व्हर्नेटने त्याला गप्प केलं. माणूस दोन महिने मागतोय, दे की. आता कळत होतं, ते दोन महिने मॅब्रीने कशात घालवले. हंगाम संपला की मोठ्या पोरांचे लोंढे एका कॉलेजातून दुसऱ्यात निघतात. मॅब्री दारात उभा राहून बघत होता, आणखी चांगलं कोणी येतंय का. कोणी आलं नसतं तर टेरियन होताच, हातचा राखून ठेवलेला.

एप्रन न काढताच ती शाळेच्या कोचकडे गेली. अर्ल पेटवे जिमला लागून असलेल्या खोलीत बसायचा. पहिलीपासून तिच्या वर्गातला, त्यामुळे त्याच्याशी बोलताना तिची जीभ आवरत नसे. तिने सगळं सांगितलं. अर्लने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि टक्कल चोळत बसला.

"मी तुला डिसेंबरात बोललो होतो," तो म्हणाला.

"बोललास? तू पुटपुटलास, अर्ल. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पोरांवर ओरडतोस, आणि माझ्या पोराचं वाटोळं होताना पुटपुटतोस."

"सगळीकडे हेच चाललंय गं. पूर्वी कॉलेजवाले वर्षाला वीस-पंचवीस पोरं शाळांतून उचलायचे. आता दहा उचलतात, बाकीचे दाढीवाले आणतात दुसऱ्या कॉलेजांतून. अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं खाऊपिऊ घालून वाढवायचं, आणि वाढलं की ते दुसरीकडे पळायचं. त्यापेक्षा दुसऱ्याने वाढवलेलं आणलेलं बरं, असा हिशेब आहे त्यांचा. पोरंही काही साधी राहिली नाहीत. एकट्या मॅब्रीला..."

"मला न्यायनिवाडा नको सांगू. मला माझ्या पोरासाठी जागा हवीय, बुधवारपर्यंत. त्यानंतर कोण विचारतंय त्याला?"

ते खरं होतं. बुधवारनंतर कॉलेजांच्या याद्या बंद होतात. टेरियनचे दोन थोरले मामेभाऊ असेच राहिले होते. एक कोंबड्यांच्या कारखान्यात आहे, दुसऱ्याचं नाव घरात काढत नाहीत.

टेरियनला तिने गाडीत बसवून सांगितलं, शाळा सुटल्यावर. तो समोरच्या काचेतून बघत राहिला. एवढं थोराड पोर, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले.

"डिसेंबरात सही करायची होती मला," तो म्हणाला.

"माहितीये."

"आणि ते फोन. ते तू करायला लावलेस. अकरा कॉलेजं होती, मॉमा. शब्द म्हणजे शब्द, म्हणालीस. त्यांना सांगितलं होतं का कोणी, शब्द म्हणजे शब्द?"

आईशी या सुरात बोललेला टेरियन तिने कधी ऐकला नव्हता. एरवी असं बोलला असता तर गाडीतून उतरवून चालत घरी पाठवला असता. आज तिने किल्ली फिरवली आणि गाडी काढली. सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर तिने मॅब्रीला फोन लावला. त्याने उचलला नाही. निरोप ठेवा, असं यंत्र म्हणालं, तेव्हा तिने ठेवला. "तुम्ही माझ्या मोरीत ताट घासलंत. मी चर्चमध्ये बायकांना सांगत फिरले की असा कोच बघितला नाही. मला चारचौघांत वेडी ठरवलंत. तुमच्या आईने तुम्हाला हेच शिकवलं का, की जेवायचं आणि..." तीन मिनिटं झाली आणि यंत्राने तोडलं. तिने परत लावला आणि जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. असे चार निरोप झाले. पाचव्या वेळी यंत्र म्हणालं, जागा भरली आहे. तिथेही भरली होती.

मंगळवारी सकाळी तिने रजा टाकली आणि अर्लच्या खोलीत ठाण मांडलं. समोर तीच यादी. मॅब्रीचं नाव खोडल्यावर दहा उरले होते. तिघांनी फोन उचलला नाही. दोघांच्या जागी नवे कोच आले होते आणि नव्यांना जुन्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तिघं म्हणाले, यंदा शाळेतली पोरं घेणं बंद केलंय. एकाला टेरियन कोण हे आठवायलाच वेळ लागला, आणि आठवल्यावर तो म्हणाला, आम्ही सध्या फक्त अनुभवी माणसं बघतोय.

"अनुभव यायचा कुठून? घरी गादीवर उड्या मारून?" व्हर्नेटने विचारलं.

"मॅम, मी नियम करत नाही."

"कोणीच करत नाही. आपोआप होतात, बुरशीसारखे."

शेवटचं नाव उरलं लूथर बीझलीचं. जॉर्जियातलं होल्कम कॉलेज, लहानसं, मैदानाला एकाच बाजूला बाकं. पण शिक्षण पूर्ण फुकट. बीझली म्हातारा होता, गेल्या दोन हंगामांत सहा वेळा टेरियनला बघायला आला होता, शेंगा खात गुपचूप बसायचा. टेरियनने नकार कळवला तेव्हा तो एकटाच नीट बोलला होता. आईने चांगलं वळण लावलंय तुला, म्हणाला होता. त्याच्याकडे परत जाताना व्हर्नेटची मान खाली गेली. पण मानेचं बघायची वेळ नव्हती.

बीझलीने दुसऱ्याच घंटीला उचलला. तिने सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं.

"मॅब्रीने पानं पुसली म्हणायची तोंडाला," तो म्हणाला. "टेरियन मला आजही हवाय, मॅम. मात्र एक अडचण आहे. एकच जागा आहे, आणि ती मी नोव्हेंबरमध्ये एका पोराला दिलीय. फ्लोरिडातला आहे, जोसाया क्रंप. उद्या सही करणार आहे."

"मग संपलंच."

"नाही. सही झालेली नाही अजून. टेरियन त्याच्यापेक्षा सरस आहे, तुम्हालाही माहितीये आणि मलाही. तुम्ही हो म्हणा, मी त्याला आत्ता फोन करतो."

फोन स्पीकरवर होता. टेबलापलीकडून अर्ल जोरजोराने मान हलवत होता. घे, घे.

व्हर्नेटने विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे जेवलात?"

"काय, मॅम?"

"त्या पोराच्या घरी. जेवलात का?"

"हो. मासे तळले होते त्यांनी."

"ताट कोणी घासलं?"

"मिस व्हर्नेट, ऐका. गेल्या हंगामात आम्ही तीन सामने जिंकलो. यंदा तीनच जिंकले तर माझं सामान गाडीत. एकसष्ट वर्षांचा आहे मी. मला दुसरीकडे कोणी घेणार नाही."

"अकरा जणांत मी तुम्हाला एकट्याला माणूस समजत होते."

"तुम्हीच फोन केलात, मॅम," बीझली हळू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त झोंबला.

तिने पाच मिनिटं मागितली आणि बाहेर आली. जिममध्ये उद्याची तयारी चालली होती. लांब टेबल, निळं कापड, मागे शाळेचा फलक. उद्या शाळेतली आणखी दोन पोरं सह्या करणार होती, टेरियन तिसरा असायचा होता. त्या दोघांच्या आयाबापांसाठी टेरियन खुर्च्या मांडत होता. कोणी सांगितलं होतं की त्याने आपणहून घेतलं होतं, कोण जाणे. दोन-दोन खुर्च्या उचलायचा, ओळीत लावायचा, मागे सरून ओळ सरळ आहे का बघायचा. त्याने तिच्याकडे बघितलं आणि परत खुर्च्यांकडे वळला.

व्हर्नेटला त्या घटकेला सगळ्यांचा राग आला. मॅब्रीचा, त्या तेवीस वर्षांच्या घोड्याचा, बीझलीचा, अर्लचा, स्वतःच्या बापाचा आणि त्याच्या पहिल्या बाकाचा. आणि फ्लोरिडातल्या त्या न बघितलेल्या पोराचाही आला, तो मध्ये उभा होता म्हणून. हा शेवटचा राग लाजिरवाणा होता. तो लाजिरवाणा आहे हे कळूनही तो जात नव्हता.

ती आत गेली आणि फोन उचलला. "घेतली जागा. कागद पाठवा. पण मी सांगते तसं करायचं. त्या पोराला नाही, आधी त्याच्या आईला फोन करायचा, आत्ताच्या आत्ता. परिस्थिती बदलली वगैरे म्हणायचं नाही. जागा टेरियन टॉलिव्हरला दिली म्हणून सांगायचं, आणि माझा नंबर द्यायचा तिला."

"नंबर कशाला, मॅम?"

"तिला कोणाला तरी बोलायचं असेल. तुम्ही तर उचलणार नाही."

अर्ल म्हणाला, "हे काय आणखी नसतं शेपूट लावून घेतलंस? पोराची सोय झाली ना? आता घरी जा, केक सांग."

"तू गप्प बस, अर्ल," ती म्हणाली.

तिने टेरियनला बोलावून सांगितलं. तो आधी समजलाच नाही, मग त्याने तिला कमरेला धरून जमिनीवरून उचललं, आणि अर्लने दोन्ही हातांनी टेबल बडवलं. ते पोर कोण, जागा कोणाची, हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. उद्या सही झाल्यावर सांगू, असं तिने मनाशी म्हटलं, आणि पुढे ढकलणं कोणाची सवय ते आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

फोन अकराच्या सुमाराला आला. ती गाडीत जाऊन बसली होती, काचा वर करून. शिव्या ऐकायची तयारी केली होती तिने. मॅब्रीला जे जे म्हणाली होती ते सगळं आपल्याला ऐकावं लागणार आणि आपण मध्ये बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.

"तुम्ही व्हर्नेट टॉलिव्हर?" बाईचा आवाज घोगरा होता. मागे यंत्रांची घरघर. कपडे धुण्याच्या दुकानात असावी. "मी रोंडा क्रंप. जोसायाची आई."

"हो, मॅम. बोला. काय बोलायचं ते बोला."

"मला काय बोलायचं असणार तुम्हाला? मी तुमच्या जागी असते तर मीही घेतली असती. ते सोडा. मला एवढंच सांगायचंय की मी त्याला सांगणार नाही. माझ्याच्याने होणार नाही. त्याच्या बापाने घर सोडलं तेव्हा मी सांगितलं, आजी गेली तेव्हा मी सांगितलं. दर वेळी मीच. हे नाही सांगणार. तुमचं पोर बसलंय ना त्याच्या जागेवर? मग तुम्ही सांगा."

"मी?"

"साडेतीनला घरी येतो तो. नंबर लिहून घ्या."

व्हर्नेटने हातावर लिहून घेतला. रोंडाने निरोप न घेताच फोन ठेवला.

तिने अर्लला सांगितलं. अर्ल म्हणाला, नको करूस, कोण विचारणार आहे? बीझली करेल, नाही तर नाही. सव्वातीनला ती पुन्हा गाडीत जाऊन बसली आणि बरोबर साडेतीनला नंबर लावला.

"हॅलो?" आवाज अजून पुरता फुटला नव्हता.

"जोसाया, मी व्हर्नेट टॉलिव्हर. अलाबामातून बोलतेय. तू मला ओळखत नाहीस. तुझ्या आईने नंबर दिला."

"हो, मॅम."

"होल्कमची जागा तुला मिळणार नाहीये, बाळा. कोच बीझलींनी ती आज माझ्या मुलाला दिली. मी मागितली म्हणून दिली. तू काही चुकला नाहीस."

"हो, मॅम."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं. कोणीतरी दार लावून घेतलं, आणि भुंकणं लांब गेलं.

"म्हणजे उद्या मी टेबलाशी बसायचं नाही का, मॅम?"

"नाही."

"हो, मॅम." मग, "तुमचा मुलगाही कडेलाच खेळतो?"

"हो."

"किती उंच आहे?"

"सहा फूट तीन."

"मी सहा एक आहे," जोसाया म्हणाला. एखादं गणित शेवटी सुटावं तसा तो बोलला. "मग बरोबर आहे, मॅम."

"बरोबर नाहीये," व्हर्नेट ओरडली. बंद गाडीत तिचा आवाज तिच्याच कानाला लागला. "ऐकतोयस ना? काल तुझ्यासारखंच माझ्या पोराला टाकलं, आज मी तुला टाकलं, आणि यातलं काहीही बरोबर नाहीये. मी घेतली, मी परत देणार नाही, पण ते बरोबर नाहीये. कोणीही येऊन समजावलं तरी बरोबर आहे म्हणू नकोस."

"हो, मॅम," तो म्हणाला.